आल्मोनरची वही

फ्रीमेसन या बंधुसंघात मी दीक्षा घेतली, त्या संध्याकाळी लॉजच्या, म्हणजे त्यांच्या स्थानिक शाखेच्या, सभागृहाबाहेरच्या खोलीत मला अंगावरचा सगळा धातू उतरवून ठेवायला सांगितला. घड्याळ, अंगठी, किल्ल्यांचा जुडगा, आणि त्याबरोबर पाकीटही. डोळ्यांवर पट्टी बांधली, एक बाही वर दुमडली आणि कुणीतरी दंड धरून मला आत नेलं. पुढच्या तासाभरातलं निम्मं मला त्या वेळी कळलं नाही. एक क्षण मात्र जसाच्या तसा लक्षात आहे. पट्टी निघाल्यावर मला खोलीच्या ईशान्य कोपऱ्यात उभं केलं. जुन्या गवंड्यांच्या रिवाजात इमारतीच्या पायाचा पहिला दगड त्या कोपऱ्यात बसे, म्हणून नवा सभासद तिथे उभा राहतो. तिथे सगळ्यांच्या देखत मला विचारलं गेलं, गरजूंसाठी काही देतोस का?

हात आपसूक खिशाकडे गेला. खिसा रिकामा. "माझ्याजवळ काहीच नाही," असं मला मोठ्याने म्हणावं लागलं, आणि ते म्हणताना कानशिलं तापली.

मग वर्शिपफुल मास्टरांनी, म्हणजे लॉजच्या प्रमुखांनी, समजावलं. तुझी थट्टा करायचा हेतू नव्हता. उद्या एखादा माणूस अडचणीत सापडून तुझ्यासमोर आला, तर आज तू कसा उभा होतास ते आठव.

हे लिहून मी कुठलंही वचन मोडत नाही. फ्रीमेसन जे उघड न करण्याचं वचन देतो, त्या असतात एकमेकांना ओळखण्याच्या खुणा आणि शब्द. बाकी विधींबद्दल तीनशे वर्षांत इतकं छापून आलं आहे की मोठ्या ग्रंथालयात ते सहज वाचायला मिळतं. माझ्याजवळ जिवापाड जपावं असं गुपित आहे ते वेगळंच. ती एक जाड पुठ्ठ्याची वही आहे. ती मी माझ्या पत्नीलाही दाखवत नाही.

माझ्या दीक्षेला आता नऊ वर्षं झाली. त्यांतली गेली चार वर्षं मी आमच्या लॉजचा आल्मोनर आहे, म्हणजे सभासदांची आणि त्यांच्या घरच्यांची खबरबात ठेवणारा.

लॉज म्हणजे इमारत, असा बहुतेकांचा समज असतो. मूळ शब्द बांधकामाशेजारच्या खोपीचा. पाथरवट तिथे हत्यारं ठेवत, पावसात आडोशाला बसत, दगड घडवत. आमच्यासाठी लॉज म्हणजे ती माणसं. एका ठिकाणी, ठरलेल्या दिवशी, वर्षानुवर्षं भेटणारी. गवंडीकाम आमच्यापैकी कुणालाच येत नाही, पण गुण्या, ओळंबा, पाणसळ, टाकी आणि हातोडा ही सगळी त्यांचीच हत्यारं आम्ही बोलण्यात वापरतो. नव्या सभासदाला अनघड दगड दाखवतात, आणि बाजूलाच घडून तयार झालेला चिरा ठेवलेला असतो. एवढ्यावरून बाकीचं त्याने समजून घ्यायचं.

मी आत आलो तो दानधर्म करायला, असं म्हणणं खोटेपणाचं होईल. माझ्या ओळखीतला एक अतिशय सरळ माणूस फ्रीमेसन होता, त्याच्यामुळे कुतूहल वाटलं. अर्ज केल्यावर तिघेजण भेटायला आले. सर्वोच्च शक्तीवर श्रद्धा आहे का, हे विचारलं. कुठल्या धर्माची, हे विचारलं नाही. वर्गणीचा बोजा घरावर पडणार नाही ना, हे पत्नीसमोर विचारलं. मग त्यांच्यातले सगळ्यात वयस्कर होते त्यांनी विचारलं, "तुला यातून काय मिळेल असं वाटतं?"

मी म्हणालो, ओळखी वाढतील.

त्यांनी अर्ज माझ्या हातात परत दिला. "ओळखी वाढतील, खरंय. पण त्यासाठी येणार असलास तर येऊ नकोस. सावकाश विचार कर." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी चार महिने घेतले आणि तोच अर्ज परत पाठवला. ते गृहस्थ आमच्या लॉजचे त्या वेळचे आल्मोनर होते. इथे त्यांना मी नुसतं जुने आल्मोनर म्हणणार आहे.

प्रवेशासाठी मतदान होतं, तेही गुप्त. प्रत्येक सभासद पेटीत हात घालून पांढरी किंवा काळी गोळी टाकतो. मोजक्या काळ्या गोळ्या पडल्या तरी माणूस बाहेर राहतो. या अधिकाराचा गैरवापर झालेला आहे, आणि तो आमच्या इतिहासाचा भाग आहे. माणकजी खरशेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईतल्या युरोपियनांच्या लॉजने आत घेतलं नाही, तेव्हा त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली. नंतर १८४३ मध्ये मुंबईतच राइझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया ही लॉज उभी राहिली, भारतीयांना दार उघडणारी. अमेरिकेत प्रिन्स हॉल आणि त्यांच्यासोबतच्या कृष्णवर्णीयांना १७७५ साली एका लष्करी लॉजमध्ये दीक्षा मिळाली, पण आसपासच्या गोऱ्या लॉजनी त्यांना आपलं मानलं नाही, म्हणून त्यांनी स्वतःची परंपरा उभी केली. बंधुत्वाची भाषा करणाऱ्यांनी हे विसरू नये असं मला वाटतं.

मतपेटीइतकीच मला आवडते ती कापडी पिशवी. सभा संपता संपता ती सगळ्यांसमोरून फिरते. मूठ मिटून आत घालायची आणि उघडी बाहेर काढायची. कुणी किती टाकलं ते शेजाऱ्यालाही कळत नाही, काहीच टाकलं नसेल तरी कळत नाही. फ्रान्समध्ये तिला विधवेची पेटी म्हणतात. आमच्याकडे हात दोन वेळा झाकला जातो, मत देताना आणि दान देताना. पहिलं झाकणं लोक लगेच समजून घेतात. दुसरं समजायला मला बरीच वर्षं लागली.

पहिली तीन वर्षं शिकण्यात गेली. अप्रेंटिस, फेलोक्राफ्ट, मास्टर मेसन अशा तीन पायऱ्या, आणि प्रत्येकीचं बोलणं तोंडपाठ. कागद हातात धरून विधी करणं आमच्याकडे कमीपणाचं मानतात. त्यामुळे होतं काय, की निवृत्त न्यायाधीश आणि विजेची कामं करणारा तरुण कोपऱ्यात उभे राहून एकमेकांची ओळ न् ओळ तपासतात. मी खुर्च्या मांडल्या, पंगतीत वाढलं, चिठ्ठ्या लिहिल्या. धर्म आणि राजकारण यांवर वाद नाही, हा नियम १७२३ साली छापलेल्या अँडरसनच्या घटनेपासून, म्हणजे फ्रीमेसनांच्या नियमग्रंथापासून, चालत आला आहे. ज्यांच्याशी बाहेर माझं दहा मिनिटंही जमलं नसतं, त्यांच्याशी या नियमामुळे माझी मैत्री झाली.

सभेनंतरच्या जेवणात बरोबर नऊ वाजता सगळे उठतात आणि गैरहजर ब्रदरांच्या, म्हणजे सभासद बंधूंच्या, नावाने प्याला उचलतात. घड्याळाचे दोन्ही काटे तेव्हा काटकोनात असतात, गवंड्याच्या गुण्यासारखे. त्या वेळी जुने आल्मोनर प्याला हातात धरून टेबलांवरून नजर फिरवत. मला वाटे, चिंतन करताहेत. एकदा विचारलं तर म्हणाले, "मोजतोय. सलग दोन सभांना कोण आलं नाही, ते इथेच कळतं."

आल्मोनरचं काम हेच. मास्टर आणि त्याच्या खालचे वॉर्डन यांच्या खुर्च्या सहसा दर वर्षी बदलतात. आल्मोनर मात्र शक्यतो तोच ठेवतात, कारण त्याला माणसं ठाऊक असावी लागतात. आजारी ब्रदर, एकटे पडलेले वयस्कर सभासद, दिवंगत ब्रदरांच्या घरची मंडळी, सगळ्यांची खबरबात त्याच्याकडे. इंग्लिश परंपरेत त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला झोळीचं चिन्ह असतं आणि झोळीवर हृदय. देणग्या गोळा करणारा चॅरिटी स्ट्युअर्ड वेगळा, त्याचं चिन्ह थापी. ही कामं दोघांत वाटली आहेत हे मला मोठं शहाणपणाचं वाटतं. पैसा उभा करणाऱ्याला चारचौघांत बोलावं लागतं. आल्मोनरला बोलून चालत नाही.

जुन्या आल्मोनरांचे गुडघे जिने चढेनासे झाले, तेव्हा त्यांनी ती वही माझ्याकडे दिली. मी ती रात्रीच उघडली. एका पानावर एक माणूस, नावाचं फक्त पहिलं अक्षर. खाली नोंदी. 'फोन दुपारी. सकाळी औषधामुळे झोप.' 'मुलाचा विषय काढू नये.' 'जिन्याला कठडा नाही.' 'लग्नाचा वाढदिवस, या दिवशी एकटी नको.' दिलेल्या रकमांचा हिशेब मी शोधला. तो खजिनदाराकडे असतो, वहीत एकही आकडा नव्हता.

मला वाटलं, मी हे काम जास्त पद्धतशीर करीन.

पहिलीच भेट एका ब्रदरच्या पत्नीची. ते जाऊन सात आठवडे झाले होते. ब्रदरची पत्नी म्हणून आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणायचो. मी ग्रँड लॉजच्या, म्हणजे सगळ्या लॉजच्या वरच्या संस्थेच्या, धर्मादाय निधीचा अर्ज घेऊन गेलो. या अर्जात सगळं विचारलेलं असतं: उत्पन्न, खर्च, देणी, घर कुणाच्या नावावर, औषधपाणी. विचारायला हवंच, तो पैसा विश्वासाने दिलेला असतो. पण मी बसल्यावर दहा मिनिटांत फाइल उघडली आणि विचारलं, "वहिनी, महिन्याचं उत्पन्न साधारण किती धरू?"

त्या काही बोलल्या नाहीत. उठल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाल्या, "आमचं व्यवस्थित आहे हो." दारापर्यंत सोडायला आल्या आणि दार लावून घेतलं. मी पायऱ्यांवर उभा राहिलो. आत कडी लागल्याचा आवाज ऐकला.

जुन्या आल्मोनरांना सगळं सांगितलं. ते रागावतील अशी माझी तयारी होती. त्यांनी एवढंच विचारलं, "हातात काय होतं?"

"फाइल."

"ईशान्य कोपऱ्यात तुझ्या हातात काय होतं?"

मी गप्प झालो. तो कोपरा मी सहा-सात वेळा दुसऱ्यांसाठी पाहिला होता, त्यातले शब्द पाठ म्हणून दाखवले असते. पण तो कोपरा म्हणजे मदत मागणाऱ्याची जागा, आणि मी त्या बाईंना तिथे ओढून उभं केलं होतं, स्वतः मात्र मास्टरच्या खुर्चीत बसून प्रश्न विचारत होतो. हे मला त्या दिवसापर्यंत दिसलंच नव्हतं. "पुढच्या वेळी काही नेऊ नकोस," ते म्हणाले. "फळं नको, फाइल नको, सल्लाही नको."

तीन आठवड्यांनी मी परत गेलो. माफी मागितली. त्यांनी आत घेतलं. तासभर आम्ही त्यांच्या यजमानांबद्दल बोललो. विधीतली लांबलचक वाक्यं ते आंघोळ करताना घोकत आणि चुकलं की पहिल्यापासून सुरू करत. ती वाक्यं ऐकून ऐकून वहिनींना पाठ झाली होती, हे त्या मला हळू आवाजात सांगत होत्या, आपण काही गैर केल्यासारख्या. मी म्हणालो, "म्हणून दाखवा ना." त्यांनी म्हटली. माझ्यापेक्षा स्वच्छ.

निघायच्या वेळी त्या कपाटाकडे गेल्या आणि एक खोका माझ्यापुढे ठेवला. त्यात न उघडलेली पाकिटं होती. बँकेची, विम्याची, निवृत्तिवेतनाची, एका रुग्णालयाच्या बिलाची. यजमान गेल्यापासून त्यांनी एकही फोडलं नव्हतं. घरातले सगळे कागद तेच बघायचे.

त्यानंतरचे अकरा शनिवार आम्ही ती पाकिटं उघडली. दर वेळी तीन-चार, जास्त नाही. विम्याचा दावा करायची मुदत शिल्लक होती. एका खात्यावर वारस म्हणून त्यांचं नाव लागलेलं नव्हतं, त्याला सगळ्यात जास्त वेळ गेला. आमच्यातल्या एका वकील ब्रदरने तीन पत्रं लिहून दिली आणि पैसे घेतले नाहीत. ग्रँड लॉजचा तो अर्ज शेवटी भरलाच नाही, कारण त्यांचं त्यांनाच पुरेसं मिळत होतं, ते फक्त अडकलं होतं. लॉजच्या निधीतून मदत गेली ती एकदाच, रुग्णालयाच्या बिलातल्या उरलेल्या भागासाठी. सभेच्या इतिवृत्तात ती ओळ आहे: 'आल्मोनरच्या शिफारशीवरून एका प्रकरणात साहाय्य मंजूर.' कोण, किती, कशासाठी, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी हात वर केले आणि पुढचा विषय आला. एरवी छप्पर दुरुस्तीवर दीड तास वाद घालणारी हीच माणसं.

फ्रीमेसनांच्या दानाबद्दल बोलताना लोक मोठ्या गोष्टी सांगतात, आणि त्या खऱ्याही आहेत. लंडनला १७१७ साली चार लॉजनी मिळून पहिली ग्रँड लॉज स्थापन केली आणि पुढच्या दशकातच सामाईक धर्मादाय निधीची योजना आली. रुस्पिनी नावाच्या इटालियन दंतवैद्याने १७८८ मध्ये निराधार मेसनांच्या मुलींसाठी लंडनला शाळा काढली, ती अजून चालू आहे. अमेरिकेतल्या श्रायनर्स या मेसनांच्याच संस्थेने १९२२ साली श्रीव्हपोर्टला मुलांचं रुग्णालय सुरू केलं. पैसे देता न येणाऱ्या घरांतली मुलं तिथे बरी होऊन चालत बाहेर पडली. आमची लॉजही बाहेरच्या संस्थांना देते: शिष्यवृत्त्या, रक्तदान, मरणासन्न रुग्णांची सेवा करणारं एक केंद्र. त्या केंद्रात आम्ही पाळीपाळीने जातो आणि रात्री जागणाऱ्या नातेवाइकांजवळ बसतो. हे सगळं करायला हवं. मोठ्या धनादेशासोबतच्या छायाचित्रांना मी मात्र उभा राहत नाही, आणि माझं हे मत लॉजमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. घेणाऱ्याचा चेहरा त्यात नसेल तर गोष्ट वेगळी.

वहिनींच्या बाबतीत एक गोष्ट मला अजून सलते. ज्या बाईला आमचा अख्खा विधी पाठ आहे, तिला आमच्या खोलीत पाऊल ठेवता येत नाही. आमची लॉज ज्या परंपरेतली, तिच्यात फक्त पुरुष. स्त्री-पुरुष दोघांना घेणारी ल द्र्वा ह्युमॅं ही शाखा पॅरिसमध्ये १८९३ साली निघाली आणि अ‍ॅनी बेझंट १९०२ मध्ये तिच्यात गेल्या. फक्त स्त्रियांच्या ग्रँड लॉजही आहेत. जुन्या नियमाला असलेला माझा विरोध मी योग्य जागी बोलून दाखवला आहे. बदल माझ्या हयातीत होईल असं दिसत नाही. मी वहिनींना स्त्रियांच्या लॉजबद्दल सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आता या वयात नको. पण सांगितलंत ते बरं केलंत." यजमानांचा विधीच्या वेळी बांधायचा कोकराच्या कातड्याचा पांढरा ऍप्रन त्यांनी मला दाखवला आणि याचं काय करायचं असतं ते विचारलं. काही जण तो शवपेटीत किंवा चितेवर ठेवतात, काही लॉजला परत देतात. त्यांनी तो ठेवून घेतला. वहीत त्यांच्या पानावर मी लिहिलं: 'ऍप्रन घरीच. मागू नये.'

माझी पानं आता जुन्या पानांसारखीच दिसायला लागली आहेत. 'मुलगी परगावी, रविवारी फोन करते, तेव्हा आपण करू नये.' 'ऐकू कमी येतं, डाव्या बाजूला बसावं.' काही पानांवर शेवटी तारीख टाकून रेघ ओढावी लागते. आमच्या एका तरुण ब्रदरची नोकरी गेली होती आणि त्याने ती सहा महिने घरीही सांगितली नव्हती. ते मला कळलं नऊच्या प्याल्याच्या वेळी. सभेला तो हजर असे, पण जेवणाआधी निघून जायला लागला होता. जेवणाचे पैसे वेगळे भरावे लागतात. त्याच्या पानावर काय लिहिलं ते मात्र इथे सांगणार नाही.

मागच्या हिवाळ्यात नऊ वाजता उभा राहून मोजत असताना माझी नजर एका खुर्चीवर थांबली. सलग दुसरी सभा. जुने आल्मोनर.

फोनवर त्यांनी सगळं ठीक असल्याचं सांगितलं, आणि तो सूर मला ओळखीचा होता. दुसऱ्या दिवशी गेलो. दार उघडायला बराच वेळ लागला. भिंतीला हात टेकत ते आले, दाढी वाढलेली, एका पायात मोजा नव्हता. त्यांनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं.

"वही आणलीस?"

"नाही."

"फाइल?"

"नाही, काहीच नाही."

ते थोडा वेळ दारातच उभे राहिले. मग बाजूला झाले.

"ये. बस. तो दुसरा मोजा पलंगाखाली गेलाय, मला वाकता येत नाही."